दसऱ्याला टोळी निघते, लेकीची पाळी अजून यायची आहे

बीड जिल्ह्यातल्या एका आईनं विचारलंय. तिच्याच शब्दांत, थोडं आटोपशीर करून देते: "मॅडम, दसरा झाला की आमची टोळी ऊसतोडीला कारखान्यावर जाणार. पोरगी साडेअकरा वर्षांची आहे, सहावीला. पाळी आली नाही अजून, पण छाती भरायला लागून दोन वर्षं होत आली, आणि सहा महिन्यांपासून पांढरं जातंय. ती आजीजवळ राहणार. सासूबाई म्हणतात, शहाणी होणारी पोरगी माझ्या अंगावर टाकून जाऊ नका, मला निभायचं नाही, एखादं स्थळ बघून ठेवा. आम्ही पाडव्यापर्यंत येतो. तोवर पाळी येणार नाही अशी गोळी मिळते का? महालक्ष्म्यांना बाया घेतात तशी."

ताई, गोळीचं आधी सांगून टाकते, म्हणजे त्यावर जीव टांगलेला राहणार नाही. अशी गोळी नाही. सणावाराला बाया घेतात ती नॉरइथिस्टेरॉनची गोळी. जिची पाळी ठराविक दिवसांनी येते, तिची पाळी ती चार-आठ दिवस पुढे ढकलते. जिला अजून आलेलीच नाही त्या लेकराला ती देऊन काही साधायचं नाही. वयात येणंच थांबवणारी इंजेक्शनं असतात, पण ती आठ वर्षांच्या आत वयात यायला लागलेल्या मुलींसाठी, तीही मोठ्या दवाखान्यात तपासण्या करून. तुमच्या मुलीचं सगळं वेळेवर चाललंय. मेडिकलवाला कदाचित काहीतरी काढून देईलही. घेऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. गोळी मागण्याआधी तुमच्या डोक्यात हे आलं असणार की आपण तिकडे फडात असताना इकडे पोरीला डाग लागला, तर ती काय करेल, कुणाला सांगेल. अडचण तिथं आहे. पाळी कधी येणार हे ना तुमच्या हातात आहे ना माझ्या. ती आली की पोरगी कुणाच्या दारात जाईल, हे मात्र निघायच्या आधी ठरवता येतं.

वेळेचा अंदाज सांगते, पण तारीख समजू नका. छातीला पहिली गाठ लागली की साधारण दोन ते अडीच वर्षांत पाळी येते, आणि पांढरं जायला लागलं की सहा महिने ते वर्षभरात. म्हणजे तुमच्या सांगण्यावरून ती या हंगामातच यायची शक्यता बरीच आहे. नववं ते पंधरावं वर्ष यात कधीही आली तरी ठीक. तुम्हाला स्वतःला कितव्या वर्षी आली होती ते आठवून बघा. मायलेकींचं बरेचदा थोडं मागं-पुढं जुळतं. आणखी एक प्रश्न आया दबक्या आवाजात विचारतात, की पाळी आली की उंची थांबते का? लगेच थांबत नाही. उंचीची मोठी उडी पाळीच्या आधीच झालेली असते, त्यानंतर बहुतेक मुली पाच-सात सेंटिमीटर वाढतात.

मी या तालुक्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. सुरुवातीची सहा-सात वर्षं शाळाशाळांतून जाऊन मुलींना पाळीवर भाषणं दिली. तक्ते लावायचे, गर्भाशयाचं चित्र काढायचं, "काही शंका?" विचारायचं. कुणीच हात वर करायचं नाही आणि मी समाधानानं घरी यायची. मग एक दिवस सातवीतली एक मुलगी मांड्यांना जखमा घेऊन आली. पाच महिने ती भावाच्या जुन्या पायमोज्यांत चिंध्या भरून वापरत होती. माझं भाषण तिनं ऐकलं होतं, चित्रही आठवत होतं. मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "कोणाला सांगू?" आई बारामतीकडं होती, घरी आजोबा आणि दोन भाऊ.

तरी माझं डोकं लगेच ताळ्यावर आलं नाही. माझ्या स्वतःच्या लेकीला पाळी आली तेव्हा मी लेबर रूममध्ये होते. सगळं आधी समजावलेलं, कपाटात पॅड ठेवलेले, मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. तिनं सांगितलं ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना. मला रात्री साडेनऊला कळलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की तिनं बरोबर केलं. त्या वेळी घरात मावशी होत्या, मी नव्हते.

तर निघायच्या आधी माणूस ठरवा. एकच, फार तर दोन. आजीच असली पाहिजे असं नाही. चुलती असेल, अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतल्या बाई, शेजारची नवीन लग्न झालेली वहिनी. मी तीन गोष्टी बघायला सांगते. तिचं घर पायी जाण्यासारखं हवं, पोरगी आताच तिच्याकडे मोकळेपणी जात-येत असावी, आणि त्या बाईच्या तोंडात तीळ भिजायला हवा. मग लेकीला घेऊन त्या बाईकडे जा आणि दोघींच्या समोर बोला: "हिला काही झालं तर ही तुझ्याकडे येईल." हे समोरासमोर होणं महत्त्वाचं. नुसतं "काही लागलं तर काकूला सांग" म्हणून सोडून दिलं तर लाजरी पोर कधी जाणार नाही, कारण काकूला ते माहीत आहे की नाही हेच तिला माहीत नसतं.

त्या बाईला आणखी एका कामासाठी तयार ठेवा. आई-बाप सहा महिने लांब आहेत हे गावाला माहीत असतं. कुणी अंगाला हात लावला, अडवलं, खाऊ-पैशाचं आमिष दाखवलं, तो घरातला-नात्यातला का असेना, तरी ओरडायचं आणि त्या बाईकडे पळायचं. तिचा दोष नसतो हे तिला आत्ताच, स्पष्ट शब्दांत सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर तिच्या वहीच्या मागच्या पानावर तिच्याच हातानं लिहून घ्या. पाळीच्या बोलण्यात हे कुठून आलं असं वाटेल, पण एकदा शरीराबद्दल बोलायला बसलात की हेही त्याच बैठकीत होऊन जातं. पुन्हा वेगळं बसणं होत नाही.

आता सामान. तुम्ही असतानाच एका पिशवीत भरून ठेवा आणि ती पिशवी तिच्या ताब्यात द्या. गडद रंगाच्या तीन-चार निकर, पॅडची पाकिटं, दोन-तीन स्वच्छ सुती घड्या, जुनी वर्तमानपत्रं, एक साबणवडी. पेटीत ठेवायची असेल तर पेटीची किल्ली तिच्याकडे राहू द्या. एवढं केल्यावर एक संध्याकाळ सराव. तुमच्यासमोर तिला पॅड निकरला चिकटवू दे, घालून घरात फिरू दे, झोपताना काढून कागदात गुंडाळून टाकू दे. हसाल दोघी, हसा. पहिल्यांदा रक्त बघून घाबरलेल्या मुलीला चिकट बाजू निकरला लावायची की अंगाला, हेही सुचत नाही. त्या एका चुकीपायी रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. आणि हे सांगून ठेवा की पहिल्या वेळी रक्त लालभडकच असेल असं नाही. बरेचदा तपकिरी डाग दिसतो, त्यामुळे पोटातलं काही बिघडलं किंवा कुठं लागलं असं त्यांना वाटतं. डाग गार पाण्यानं धुवायचा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो.

कापड की पॅड, हे मला विचारू नका, तुमच्या घरच्या पाण्याला विचारा. सुती कापड वाईट नाही. ते साबणानं धुवायला भरपूर पाणी आणि वाळवायला कडक ऊन लागतं, एवढंच. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे विहिरींना पाणी असतं, तेव्हा चालेल. फेब्रुवारी-मार्चला टँकरची वाट बघायची वेळ आली की घडी अर्धवट धुतली जाते आणि कुणाला दिसू नये म्हणून परकराच्या खाली, अंधारात वाळत घातली जाते. जंतुसंसर्ग होतो तो त्या ओलसर घडीतून. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या ओपीडीतही खाज आणि पुरळ घेऊन येणाऱ्या मुली नेहमीपेक्षा जास्त होत्या. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या हंगामाला पॅडच द्या, घड्या अडीअडचणीला. जनऔषधी केंद्रात "सुविधा" नावाचे पॅड एक रुपयाला एक मिळतात. एका पाळीला पंधरा-वीस धरा, आणि सुरुवातीला पाळी नियमित नसते, म्हणून साठ-सत्तर पॅडमध्ये हंगाम निघेल. दिवसातून तीन-चारदा बदलायचा, रक्त कमी असलं तरी. शौचकूपात टाकायचा नाही. कचऱ्याची गाडी येत नसेल तर खोल खड्ड्यात, नाहीतर कुत्री उकरतात आणि पोरीची मान खाली जाते.

सासूबाईंचं. इथं मी थोडी मवाळ आहे, आणि माझ्या काही मैत्रिणींना ते पटत नाही. तुम्ही निघून जाणार आहात, पोरगी त्यांच्याच जवळ राहणार आहे. जाता-जाता त्यांच्याशी विटाळावरून भांडण केलंत तर त्याचा वचपा सहा महिने कोण भोगणार? म्हणून मी देवघर, लोणचं, पापड यावर वाद घालत नाही. राहिलं तर राहू दे. पण तीन बाबतीत मागं हटू नका. रात्री तिला गोठ्यात, पडवीत, एकटीला बाहेर झोपवायचं नाही. शाळा बुडवायची नाही. आणि आंघोळ, जेवण, दूध यात काही कमी करायचं नाही. चौथ्या दिवसापर्यंत डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही याला शरीराच्या बाजूनं काही अर्थ नाही. हे तुम्ही सांगण्याऐवजी शक्य असेल तर मुलीच्या बापानं आपल्या आईला सांगावं. लेकाचं वजन वेगळं पडतं.

आणखी एक युक्ती सांगते, मला ती एका आशाताईनं शिकवली. म्हाताऱ्या बाईला उपदेश करायचा नाही, विचारायचं: "आत्याबाई, तुमच्या वेळी कसं झालं होतं हो?" बहुतेक म्हाताऱ्या आधी हसतात, मग गप्प होतात, मग सांगायला लागतात. कुणाला न्हाण आलं म्हणून मखरात बसवलं आणि गावभर कळलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कुणाला सासरीच पाळी आली होती आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं. स्वतःचं सांगून झाल्यावर त्या नातीवर फार कडक राहत नाहीत. बरं, विटाळ न पाळणारेही आपल्याच मातीतले आहेत. महानुभाव पंथाची मंडळी पाळीचा विटाळ मानत नाहीत, चक्रधर स्वामींपासून, म्हणजे तेराव्या शतकापासून. तुमच्या ओळखीत तसं घर असेल तर सासूबाईंना त्यांच्याकडे चहाला न्या. माझ्या बोलण्यापेक्षा त्यांचं बोलणं जास्त मानतील. न्हाणाचा कार्यक्रम करायचा असेल तर पोरीला विचारून करा. तिला नको असेल तर घरच्या घरी गोडधोड करा, बस्स.

पण सासूबाईंची खरी भीती विटाळाची नाही असं मला वाटतं. "मला निभायचं नाही" म्हणजे, उद्या काही झालं तर बोल माझ्यावर येईल. ती भीती खोटी नाही, आणि त्या भीतीतूनच स्थळ निघतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं होतं. राज्यात शंभरातल्या साधारण बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड आणि परभणीत हा आकडा चाळिसाच्या वर. त्यातल्या किती जणींचं लग्न "आम्ही ऊसतोडीला जातो, पोरीला कोण सांभाळणार" यातून झालं असेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पाळी आली म्हणजे अंग बाळंतपणाला तयार झालं असं नसतं. बारा-तेराव्या वर्षी कमरेचं हाड अजून वाढत असतं, रक्त कमी असतं. सोळा-सतराव्या वर्षी बाळंत होताना अडलेल्या मुली मी हातावर झेलल्यात, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. कायद्यानं अठराच्या आत लग्न लावता येत नाही, आणि गावात ते थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते. पण कायद्याचा धाक दाखवण्याआधी सासूबाईंचा भार हलका करता येतो का बघा. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, मुख्याध्यापकांना आताच विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहंही आहेत. तुमच्या तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह कसं आहे, रात्री बाई राहते का, संडासला कडी आहे का, हे स्वतः जाऊन बघून मगच ठरवा. सगळी सारखी नसतात. लेकीला सोबत फडावर नेण्यापेक्षा मात्र गावी ठेवणं मला बरं वाटतं. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आडोसा नाही, पाणी नाही, आणि शाळा सुटली की पुन्हा धरत नाही.

पांढरं जातंय म्हणून तुम्ही काळजीत आहात का, ते नीट कळलं नाही. पाळीच्या आधी असं पांढरं, बिनवासाचं, पातळ जाणं निरोगी असतं. खाज, घाण वास, पिवळा-हिरवा रंग असेल तर दाखवा, एरवी औषध नको. आणि हे लेकीला तुमच्या तोंडून कळू द्या, कारण आपल्या जिल्ह्यात पांढऱ्याचं पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" सांगायचं आणि गर्भाशयाची पिशवी काढायची. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, या हिशोबानं कितीतरी जणींनी स्वतःहूनही काढून घेतली. तुमची काढलीय का, मी विचारत नाही. पण अकराव्या वर्षी जिला कळलं की पांढरं जाणं हा रोग नाही, तिला तिशीत कुणी सहज घाबरवू शकणार नाही.

दवाखान्यात कधी न्यायचं हे त्या ठरवलेल्या बाईला नीट सांगून ठेवा. पहिली दोन वर्षं पाळी पुढं-मागं होते. एकवीस दिवसांनी आली काय आणि पंचेचाळीस दिवसांनी आली काय, घाबरायचं नाही. तीन महिन्यांहून जास्त अंतर पडलं, आठव्या दिवशीही रक्त थांबलं नाही, दर एक-दोन तासाला पॅड भिजतोय किंवा मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय, तर थांबायचं नाही. पहिल्याच पाळीला असं धो-धो रक्त जात असेल तर रक्त गोठण्यातला दोष असू शकतो. "पहिल्यांदा असतंच असं" म्हणून घरी ठेवू नका. पोटदुखी बहुधा पहिल्या काही पाळ्यांना नसते, पुढं सुरू होते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटावर, आणि फारच दुखलं तर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन, जेवल्यावर. किती घ्यायची ते तिच्या वजनावर ठरतं, म्हणून निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठीवर लिहून आणा. दर महिन्याला शाळा बुडावी इतकं दुखत असेल तर ते "बाईच्या जातीला सोसावंच लागतं" यात मोडत नाही, तपासायला हवं.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, रक्तवाढीची, ती पोरी बाकाखाली टाकतात. जेवून घ्यायची, वर चहा नको. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरायचं नाही. घरात शेंगदाणा-गूळ, तीळ, हरभऱ्याची भाजी असतेच. भाजीवर लिंबू पिळलं की लोह जास्त लागू पडतं.

राहता राहिला फोन. संध्याकाळी तळावरून तुम्ही फोन करणार, तो घेणार सासूबाई किंवा दीर, आणि लेक सगळ्यांसमोर "हो, नाही" एवढंच बोलणार. म्हणून दोघींत एक खुणेचा शब्द ठरवा, जो ती कुणाहीसमोर बोलू शकेल. शब्द तिलाच निवडू द्या, फक्त घरात रोज वापरात येणारा नको. माझ्याकडच्या एका मुलीनं "पाहुणे आले" असं ठरवलं होतं. डिसेंबरात खरंच तिच्या आत्याकडचे पाहुणे आले, तिनं साधेपणी फोनवर सांगितलं, आणि तिकडं कोल्हापूरच्या फडात आई दोन दिवस जेवली नाही.